पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवताना: आन्सर की, रिस्पॉन्स शीट आणि ऑब्जेक्शन म्हणजे नेमकं काय?

मे महिन्यातला पहिला रविवार. दुपारी दोनला सुरू झालेली नीट संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. गेटबाहेर पालकांची गर्दी, हातात पाण्याच्या बाटल्या, रस्त्यावर रिक्षांची रांग. आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कसा गेला?" त्याचं उत्तर द्यायच्या आधीच मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं. "फिजिक्समधल्या त्या अणूच्या प्रश्नाला काय मारलंस? दोन की चार?"

इथून पुढचे काही आठवडे हाच उद्योग चालतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर, टेलिग्रामवर, क्लासच्या यूट्यूब लाइव्हमध्ये, रात्री अंथरुणात पडल्यावर डोक्यात. "आता विचार करून काय उपयोग, पेपर दिला ना" असं घरचे सांगतात आणि ते कुणीही ऐकत नाही. खरं तर उत्तरं जुळवण्यात काही चूकही नाही. काय जुळवायचं, कधी जुळवायचं आणि त्यातून काय कळतं, एवढं नीट माहीत असलं म्हणजे झालं. कधी कधी याच जुळवाजुळवीतून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जातं. वर विचारलेला अणूचा प्रश्न तसाच गेला होता.

गेटवरची 'की' आणि खरी 'की'

नीट ही कागदावरची परीक्षा आहे. प्रश्नपुस्तिका विद्यार्थ्याला घरी नेता येते, ओएमआर शीट मात्र मूळ आणि ऑफिस कॉपी अशी दोन्ही पर्यवेक्षकाकडे द्यावी लागते. प्रश्नपुस्तिकेचे वेगवेगळे कोड असतात. प्रश्न तेच, क्रम वेगळा. त्यामुळे "सत्तेचाळीसाव्याचं काय लिहिलंस?" या प्रश्नाला दोघांचा कोड एकच असेल तरच अर्थ आहे. गेटवरची निम्मी भांडणं इथेच मिटायला हवीत.

पुस्तिका बाहेर येत असल्यामुळे त्याच संध्याकाळी मोठमोठे क्लासेस आपापली आन्सर की काढतात. ही अनधिकृत की असते. शिक्षकांनी घाईघाईत सोडवलेली, आणि बऱ्याचदा एका क्लासची दुसऱ्याशी दोन-चार प्रश्नांत न जुळणारी. ग्रुपवर तर मतदानच होतं. सहापैकी चौघांनी 'बी' लिहिलं, म्हणजे 'बी' बरोबर! (बहुमताने सरकार बनतं, संप्लवन ऊर्जा नाही.)

यात माझाही एक अनुभव आहे. २०१८ मध्ये मी नीट दिली होती. पेपर सोडवताना पुस्तिकेत पर्यायांवर बारीक खुणा करत गेले होते. घरी येऊन त्या खुणांवरून एका क्लासच्या कीशी गुण मोजले आणि घरात आनंदीआनंद झाला. निकाल आला तेव्हा आकडा बराच खाली होता. चूक कुणाचीच नव्हती. शेवटच्या दहा मिनिटांत मी काही उत्तरं बदलली होती, ओएमआरवर नवीन गोळे भरले, पण पुस्तिकेतल्या खुणा जुन्याच राहिल्या. मी महिनाभर मोजत होते ते गुण मी दिलेल्या पेपरचे नव्हतेच. मी पुढे पत्रकारितेला गेले, त्यामागे हे एकच कारण होतं असं नाही. पण तो महिना विसरता येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: पुस्तिका म्हणजे उत्तरपत्रिका नाही. नीट घेणारी नॅशनल टेस्टिंग एजन्सी, म्हणजे एनटीए, परीक्षेनंतर काही दिवसांनी तीन गोष्टी संकेतस्थळावर टाकते: तात्पुरती आन्सर की, तुमच्या ओएमआर शीटची स्कॅन केलेली प्रत, आणि मशीनने त्यातून वाचलेली तुमची उत्तरं. खरी मोजणी तेव्हा सुरू होते. त्यातही आधी ओएमआरची प्रत आणि मशीनने वाचलेली उत्तरं एकमेकांशी ताडून पाहायची. गोळा अर्धवट भरला असेल किंवा खाडाखोड झाली असेल तर फरक तिथेच दिसतो, आणि त्यावरही शुल्क भरून हरकत घेता येते. बहुतेक जण ही पायरी गाळून थेट कीकडे धावतात.

जेईई आणि एमएचटी-सीईटी: पेपरच हातात नाही, मग जुळवायचं कसं?

जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या संगणकावरच्या परीक्षा. अनेक दिवस, अनेक सत्रं, प्रत्येक सत्राला वेगळा पेपर. बाहेर येताना हातात काहीच नसतं, कच्चं काम केलेले कागदही ठेवून यावे लागतात. त्यामुळे गेटवर सगळा कारभार आठवणीवर चालतो. "तो वर्तुळाचा प्रश्न", "तो अल्डिहाइडवाला". आकडे हमखास चुकीचे आठवतात आणि त्या चुकीच्या आकड्यांवर उत्तर काढून पोरं रडतात.

इथे कामाला येते ती रिस्पॉन्स शीट. जेईईच्या रिस्पॉन्स शीटमध्ये प्रत्येक प्रश्नाला एक लांबलचक प्रश्न क्रमांक असतो आणि चारही पर्यायांना त्यांचे स्वतंत्र क्रमांक असतात. 'निवडलेला पर्याय' म्हणून मात्र फक्त १, २, ३ किंवा ४ लिहिलेलं असतं. आन्सर कीमध्ये बरोबर पर्यायाचा तो लांबलचक क्रमांक येतो. म्हणजे तुम्ही ३ निवडला असेल, तर आधी तिसऱ्या पर्यायाचा लांब क्रमांक शोधायचा आणि तो कीमधल्या क्रमांकाशी जुळवायचा. मित्राच्या '३'शी तुमचा '३' जुळवून काहीच कळत नाही. पर्यायांऐवजी थेट संख्या लिहायचे प्रश्न असतात, तिथे कीमध्ये उत्तराची संख्याच दिलेली असते.

एमएचटी-सीईटीमध्ये काम जरा सोपं आहे. सीईटी सेलच्या पोर्टलवर आपल्या लॉगिनमध्ये प्रश्न, आपलं उत्तर आणि बरोबर उत्तर एकत्र दिसतं. पीसीएम गटाचा हिशोब असा: गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, एकूण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीट आणि जेईईत बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ असतो. त्यामुळे तिथे एक प्रश्न फिरला की फरक चारचा नाही, पाचचा पडतो. पुढे येणाऱ्या गोष्टीत हा पाचचा आकडा महत्त्वाचा आहे.

"माझे १२०, तिचे ११५, तरी तिचा पर्सेंटाइल जास्त कसा?"

कारण तुमची दोघींची सत्रं वेगळी. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. तुमच्या सत्रात जितके विद्यार्थी बसले, त्यांच्यापैकी किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण पडले, ते शंभराच्या मापात सांगितलेलं असतं. समजा, एका सत्राला ३०,००० विद्यार्थी होते आणि त्यांपैकी २७,००० जणांचे गुण १२० किंवा त्याहून कमी आहेत. मग १२० गुणवाल्याचा पर्सेंटाइल ९०. दुसऱ्या सत्राचा पेपर अवघड निघाला असेल, तर तिथे ११५ गुणांनाही ९० च्या वर पर्सेंटाइल मिळू शकतो. बरोबरीच्या जागा फुटाव्यात म्हणून जेईईत हा आकडा दशांशचिन्हानंतर सात स्थळांपर्यंत काढतात.

याचा अर्थ असा की वेगळ्या सत्रातल्या मैत्रिणीशी गुणांची तुलना करून हाती काही लागत नाही. 'इतके गुण म्हणजे इतका पर्सेंटाइल' असे तक्ते परीक्षा संपायच्या आत फिरायला लागतात. ते मागच्या वर्षांवरून बांधलेले अंदाज असतात.

ऑब्जेक्शन घ्यायचं तर

तात्पुरती की आल्यावर हरकती घ्यायला थोडेच दिवस मिळतात, बहुतेक वेळा दोन-तीन. एनटीएच्या नीट आणि जेईईसाठी एका प्रश्नाच्या हरकतीचं शुल्क २०० रुपये आहे. एमएचटी-सीईटीसाठी अलीकडच्या वर्षांत ते १,००० रुपये राहिलं आहे. पैसे परत मिळत नाहीत. शंका तीन प्रश्नांबद्दल असेल तर सीईटीत सरळ तीन हजार. शेतमजुराच्या पोरीने हरकत घ्यायची की नाही, हे तिच्या गणितावर ठरत नाही, घरात तेवढे पैसे आहेत का यावर ठरतं. उगाचच्या हरकती टाळायला शुल्क हवं, हे मान्य. पण हरकत बरोबर निघाली तर तरी पैसे परत करायला काय हरकत आहे?

हरकतींची छाननी विषयतज्ज्ञ करतात. हरकत एकाच विद्यार्थ्याची असली आणि ती मान्य झाली, तरी नवीन उत्तर सगळ्यांना लागू होतं. एनटीए प्रत्येकाला 'तुमची हरकत मान्य' किंवा 'अमान्य' असं वेगळं कळवत नाही, ते अंतिम कीवरूनच समजून घ्यायचं. अंतिम कीवर पुन्हा हरकत चालत नाही आणि उत्तरपत्रिकेची फेरतपासणीही होत नाही. नीटमध्ये प्रश्नच रद्द झाला तर परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना ४ गुण मिळतात, तो प्रश्न सोडवला असो वा नसो. दोन पर्याय बरोबर ठरले तर त्यांपैकी कुठलाही एक निवडणाऱ्याला ४.

पुरावा म्हणून 'आमच्या सरांनी सांगितलं' हे चालत नाही. एनसीईआरटीचं किंवा राज्य मंडळाचं पुस्तक, त्यातलं पान आणि त्या पानाचा स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ तयार ठेवा. नीट मराठीतून दिली असेल आणि मराठी वाक्याचा अर्थ इंग्रजीपेक्षा वेगळा निघत असेल, तर नियमाप्रमाणे इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो. २०१८ मध्ये तमिळ भाषांतरात ४९ प्रश्नांत चुका असल्याचं म्हणत मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने तमिळमधून परीक्षा दिलेल्यांना १९६ गुण द्यायला सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टात तो आदेश टिकला नाही.

कधी चूक इतकी मोठी असते की हरकतीची गरजच उरत नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांमध्ये घोळ होता, दिलेल्या पर्यायांत बरोबर उत्तरच नव्हतं. बाहेर आलेली मुलं एकमेकांना विचारत होती, "तुझं उत्तर तरी पर्यायांत होतं का?" एकाचं नसणं ही त्याची चूक असू शकते, सगळ्यांचंच नसेल तर चूक पेपरची. त्या सत्रातल्या २७ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घेतली गेली.

दोन की चार? एका प्रश्नाची गोष्ट

आता त्या अणूकडे येऊ. नीट २०२४, ५ मे. भौतिकशास्त्रात दोन विधानांचा एक प्रश्न होता. पहिलं विधान: अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्यामुळे तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. पर्याय ४ म्हणजे पहिलं बरोबर, दुसरं चूक. पर्याय २ म्हणजे दोन्ही बरोबर.

भौतिकशास्त्र म्हणून पाहिलं तर दुसरं विधान चूकच आहे, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. घोळ पुस्तकाचा होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर' अशा अर्थाचं वाक्य होतं. नव्या आवृत्तीत ते 'बहुतेक मूलद्रव्यांचे' असं दुरुस्त झालं. मोठ्या भावाची किंवा बहिणीची जुनी पुस्तकं वापरून अभ्यास केलेल्यांनी २ लिहिलं. हजारो हरकती आल्या आणि एनटीएने अंतिम कीमध्ये दोन्ही उत्तरं बरोबर धरली.

४ जूनला निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे ६७ जण होते. त्यातले ४४ या एका प्रश्नामुळे तिथे पोहोचले होते. (वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना दिलेल्या वाढीव गुणांचा वाद वेगळा. ते गुण रद्द झाले आणि त्यांना २३ जूनला फेरपरीक्षेचा पर्याय मिळाला.) पेपरफुटीच्या तक्रारींसोबत हा प्रश्नही सुप्रीम कोर्टात गेला. तिथे युक्तिवाद साधा होता: एनटीएनेच नवीन आवृत्ती वापरा असं सांगितलं आहे, मग जुन्या पुस्तकातलं चुकीचं वाक्य बरोबर कसं? आणि कुणी उत्तराबद्दल खात्री नाही म्हणून वजा गुणांच्या भीतीने प्रश्नच सोडला असेल, तर त्याचं काय?

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. समितीने एकच उत्तर दिलं: पर्याय ४. २३ जुलै २०२४ रोजी कोर्टाने ते मान्य केलं, परीक्षा मात्र रद्द केली नाही. पर्याय २ लिहिणारे चार लाखांहून जास्त विद्यार्थी होते. त्यांचे मिळालेले ४ गेले आणि वर १ कापला गेला, म्हणजे पाच. ४४ जण ७२० वरून ७१५ वर आले, आणि सुधारित निकालात पैकीच्या पैकी गुण असलेले फक्त १७ उरले.

पाच गुण ऐकायला थोडे वाटतात. त्या वर्षी २३ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले होते आणि गुण ७२०. नुसता भागाकार केला तरी एकेका गुणावर सरासरी तीन हजार विद्यार्थी येतात. पाच गुण गेले म्हणजे सरकारी कॉलेजची जागा गेली, असं त्या जुलैत अनेक घरांत झालं, आणि तेही दोन महिने 'मिळाली' असं धरून चालल्यानंतर. चूक दुरुस्त व्हायलाच हवी होती. पण जुन्या पुस्तकातून शिकणारी मुलं बहुतेक करून कोणत्या घरांतली असतात, हेही सगळ्यांना माहीत आहे.

कीला आव्हान देता येतं, हे आधी कुणी ठरवलं?

ही गोष्ट त्याच्याही ४१ वर्षं आधीची आहे आणि त्यातही एक चंद्रचूड आहेत. उत्तर प्रदेशातल्या १९८२ च्या प्री-मेडिकल परीक्षेतल्या काही विद्यार्थ्यांनी कीमधली उत्तरं चूक असल्याचं पाठ्यपुस्तकांच्या आधारे दाखवलं. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या नावाने खटला सुप्रीम कोर्टात आला. १९८३ साली निकाल देणारे सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत चंद्रचूड, म्हणजे धनंजय चंद्रचूड यांचे वडील.

कोर्टाचं म्हणणं दुहेरी होतं. की बरोबर आहे असंच आधी धरायचं, ओढूनताणून तर्क लढवून ती चूक ठरवायची नाही. पण ती चूक आहे हे स्पष्टपणे सिद्ध झालं, तर बरोबर उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करणं अन्यायाचं आहे. कीच छापली नसती तर हा वाद झाला नसता, हेही कोर्टाने नोंदवलं, आणि शेकडो विद्यार्थ्यांच्या भविष्याचा प्रश्न असताना अशा पद्धतीने विचार करणं बरोबर नाही, असंही म्हटलं. प्रश्न संदिग्ध निघाला तर तो वेळेवर वगळावा, हे त्याच निकालात आहे. आजही आन्सर कीच्या प्रत्येक खटल्यात वकील हाच निकाल पुढे करतात.

अमेरिकेतही हेच

अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी एसएटी आणि तिच्या तयारीसाठी पीएसएटी असते. तिथे पेपरबद्दल बाहेर बोलू नका असा परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा नियमच आहे, आणि दर ऑक्टोबरमध्ये पीएसएटी झाली की मुलं सोशल मीडियावर त्यातल्या उताऱ्यांचे मीम्स करून तो मोडतात. आता एसएटी संगणकावर असते, प्रत्येकाला प्रश्नांचा वेगळा संच येतो आणि पहिल्या भागात कसं सोडवलं त्यावरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. भारतातून एसएटी देणाऱ्यांनाही हेच लागू. शेजारच्याशी उत्तर जुळवायला मुळात प्रश्नच सारखा नसतो.

कागदी पेपरच्या काळात मात्र तिथेही मुलांनी परीक्षकांना पकडलं होतं. ऑक्टोबर १९८० च्या पीएसएटीत एक प्रश्न होता: सगळ्या बाजू समभुज त्रिकोणांच्या असलेला चार पृष्ठांचा एक पिरॅमिड, आणि तसेच त्रिकोण पण चौकोनी तळ असलेला पाच पृष्ठांचा दुसरा. दोघांचं एकेक त्रिकोणी पृष्ठ एकमेकांना चिकटवलं तर बाहेरून किती पृष्ठं दिसतील? परीक्षकांचं उत्तर ७, नऊमधून दोन वजा. फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्याने ५ लिहिलं होतं आणि ते चूक धरलं गेलं. चिकटवल्यावर दोन ठिकाणी शेजारशेजारची त्रिकोणं एकाच सपाटीत येतात आणि मिळून एकच पृष्ठ बनतं, हे त्याने दाखवून दिलं. उत्तर ५ च होतं. दोन लाखांहून जास्त मुलांचे गुण वाढवावे लागले.

दुसरी गोष्ट १९८२ च्या एसएटीची. एका वर्तुळाची त्रिज्या दुसऱ्याच्या एक तृतीयांश आहे. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेकडेने घरंगळत पुन्हा मूळ जागी आलं, तर ते स्वतःभोवती किती वेळा फिरलं? सगळ्यांना वाटतं ३, आणि पर्यायांत ३ होता. खरं उत्तर ४ आहे, आणि ते पर्यायांत नव्हतंच. पटत नसेल तर एक रुपयाची दोन सारखी नाणी घ्या. एक टेबलावर दाबून धरा आणि दुसरं त्याच्या कडेने, न घसरता, पूर्ण फेरी फिरवा. आकडा एकदाच सरळ व्हायला हवा असं वाटतं, तो दोनदा होतो. ती परीक्षा सुमारे तीन लाख जणांनी दिली होती. प्रश्नच चुकलाय असं परीक्षा मंडळाला लिहून कळवणारे तिघे होते. प्रश्न रद्द झाला आणि सगळ्यांचे गुण पुन्हा मोजले गेले.